इंग्रजी शब्दांचे घरचे आणि दारचे अर्थ

(शाळेच्या हीरक महोत्सवी संमेलनात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



माळव्यातील या शहरात एका मराठी शाळेने साठ वर्षे पूर्ण करावीत, ही लहान गोष्ट नव्हे. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच येथे हिंदी सुरू होते आणि नोकरीच्या दाराशी पोहोचताच इंग्रजी. अशा ठिकाणी तीन पिढ्यांनी आपली मुले मराठीतून शिकविली. या साठ वर्षांत पालकांनी शाळेला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न कोणता असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘मराठी शाळेत घातले, तर मुलाला इंग्रजी येईल का?’ या शाळेचा विद्यार्थी आणि पुढे आयुष्यभर इंग्रजीचा शिक्षक या दोन्ही नात्यांनी तो मलाही असंख्य वेळा विचारला गेला आहे.

त्याचे उत्तर मी आज देणारच आहे. परंतु त्याआधी एक प्रतिप्रश्न करण्याची मुभा द्यावी. इंग्रजी येईल का, म्हणजे कोणते इंग्रजी? कारण एकच साधा इंग्रजी शब्द घरात एक अर्थ घेऊन वावरतो, कचेरीत दुसरा आणि नाक्यावरच्या टोळक्यात तिसरा. नाक्यावरच्या त्या बोलीला इंग्रजीत स्लँग म्हणतात. शब्द पाठ असणे आणि तो या क्षणी कोणत्या अर्थाने आला आहे हे ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली मुले पहिली गोष्ट मेहनतीने साध्य करतात. अडतात ती दुसरीपाशी.

आजच्या समारंभातलेच उदाहरण घेऊ. आपली ओळख करून देताना अनेक जण ‘मी अमुक साली पास आउट झालो’ असे सांगतात. भारतात याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पण हेच वाक्य एखाद्या अमेरिकन माणसासमोर उच्चारले, तर तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात असे त्याला वाटेल. मग आपला प्रयोग चुकीचा म्हणायचा का? तसेही नाही. सैनिकी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडणे या अर्थाने तो ब्रिटिश इंग्रजीत रूढ आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही ‘पासिंग आउट परेड’च होते. छावणीतला तो औपचारिक शब्द आपण महाविद्यालयात आणला, इतकेच.

वधू-वर सूचक जाहिरातींत ‘होमली’ मुलगी हवी असते. आपल्या मनात अर्थ असतो घरगुती वळणाची. इंग्लंडमध्ये हा शब्द घराला किंवा खाणावळीला लावला, तर ती ऊबदार, आपलेपणाची जागा ठरते. अमेरिकेत मात्र तो माणसाला लावला, तर रूपाने अगदीच सामान्य असा अर्थ होतो. आपण ज्याला खोडरबर म्हणतो त्याला इंग्लंडमध्ये नुसते ‘रबर’ म्हणतात. अमेरिकेत त्याच शब्दाचा बोलभाषेतला अर्थ या व्यासपीठावरून सांगण्याजोगा नाही. ज्यांची नातवंडे तिकडे आहेत, त्यांनी फोनवर विचारून घ्यावा. बहुधा नातवंडेच लाजतील.

अशा गमतींनी क्षणभर हसू येते आणि प्रसंग निभावतो. परंतु ज्यांत हसून निभावत नाही, अशाही जागा आहेत. त्यांतील पहिली जागा कचेरीची.

रोजच्या वापरातला ‘सेव्हरल’ हा शब्द पाहा. पाचवीतला मुलगाही सांगेल, सेव्हरल म्हणजे अनेक. आता बँकेच्या कर्जाचा करारनामा उघडा. कर्जदार आणि जामीनदार यांच्या जबाबदारीविषयी तेथे शब्द असतात, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. जामीनदार होणारा गृहस्थ मनाशी अर्थ लावतो : आपण पुष्कळ जण मिळून जबाबदार, म्हणजे चौघे असलो तर माझ्या वाट्याला एक चतुर्थांश. येथे ‘सेव्हरल’चा अर्थ ‘अनेक’ नाही. तो त्या शब्दाचा जुना अर्थ आहे : वेगवेगळा, सुटा. म्हणजे सर्वांची मिळून जबाबदारी आहेच. शिवाय प्रत्येकाची एकट्याची, आणि तीही संपूर्ण रकमेची. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ४३ प्रमाणे, उलट ठरलेले नसेल तर संयुक्तपणे वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण वचनपूर्ती मागता येते. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते. मित्राच्या प्रेमाखातर केलेली एक सही आणि एका शब्दाचा ‘घरचा’ अर्थ, एवढ्याने माणसाची आयुष्यभराची पुंजी धोक्यात येऊ शकते.

त्याच कायद्यातला ‘कन्सिडरेशन’ हा शब्दही असाच. आपण तो विचार किंवा सहानुभूती या अर्थाने शिकतो. करारात त्याचा अर्थ मोबदला. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे अंमलात आणणे, देहान्ताची शिक्षा देणे, आणि दस्तऐवजाच्या संदर्भात सही करून तो विधिवत पुरा करणे. हे शब्द अवघड नाहीत, म्हणूनच ते फसवितात. अनोळखी शब्द भेटला तर माणूस थांबून शब्दकोश उघडतो. ओळखीचा भेटला की थांबत नाही.

कचेरीतला शब्द पुंजी घेऊ शकतो. नाक्यावरचा शब्द प्राणही घेऊ शकतो. हे अलंकारिक बोलणे नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासातले एक प्रकरण आपल्यासमोर ठेवतो.

२ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री लंडनजवळच्या क्रॉयडन येथे दोन तरुण चोरीच्या उद्देशाने एका गोदामाच्या छपरावर चढले. एक डेरेक बेंटली, वय १९. दुसरा ख्रिस्तोफर क्रेग, वय १६. क्रेगजवळ रिव्हॉल्व्हर होते. पोलीस आले. फ्रेडरिक फेअरफॅक्स या अधिकाऱ्याने छपरावर चढून बेंटलीला धरले. पोलिसांच्या साक्षीप्रमाणे त्या वेळी बेंटली ओरडला, ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस!’ क्रेगने गोळी झाडली. फेअरफॅक्सच्या खांद्याला जखम झाली. काही वेळाने आणखी पोलीस वर आले आणि त्यांतील सिडनी माइल्स हा शिपाई क्रेगच्या गोळीने ठार झाला. बेंटली तोवर पोलिसांच्या ताब्यातच होता.

आता ते वाक्य पाहा. शब्दशः अर्थ, ‘त्याला ते घेऊ दे’. म्हणजे पिस्तूल देऊन टाक. बोलभाषेतला अर्थ, ‘हाण त्याला’, ‘घाल गोळी’. व्याकरणाचा कोणताही नियम या दोहोंत निवाडा करू शकत नाही. मराठी माणसाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडे हुबेहूब तेच आहे. ‘दे त्याला!’ हे शब्द पंगतीत वाढप्याला उद्देशून उच्चारले, तर पानात आणखी एक जिलबी पडते. तेच शब्द भांडणात उच्चारले, तर पाठीत रट्टा बसतो.

खटल्यात सरकारी पक्षाने ते शब्द चिथावणी म्हणून मांडले. असे शब्द उच्चारलेच गेले नाहीत, असे बेंटली व क्रेग दोघांचेही म्हणणे होते. खटला अवघे तीन दिवस चालला. दोघेही खुनाच्या आरोपात दोषी ठरले. क्रेग अठरा वर्षांखालील असल्याने त्याला फाशी देता येत नव्हती. तो दहा वर्षांनी सुटला. ज्याने गोळी झाडली नव्हती, त्या बेंटलीसाठी ज्यूरीने दयेची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. २८ जानेवारी १९५३ रोजी त्याला फाशी देण्यात आले. ते चार शब्द खरोखर उच्चारले गेले होते काय, आणि असतील तर कोणत्या अर्थाने, हा वाद त्यानंतर इंग्लंडमध्ये कित्येक दशके चालू राहिला.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रकरणातला दुसरा धागा अधिक अस्वस्थ करतो. बेंटलीचा जबाब म्हणून न्यायालयात एक निवेदन सादर झाले होते. त्याने सांगितले तसेच आम्ही लिहून घेतले, असे पोलिसांचे म्हणणे होते. बेंटलीला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थार्ड यांनी ते निवेदन तपासले. सहाशेहूनही कमी शब्दांच्या त्या निवेदनात ‘देन’, म्हणजे ‘मग’ किंवा ‘नंतर’, हा क्षुल्लक शब्द दहा वेळा आला होता आणि वारंवार ‘आय देन’ अशा क्रमाने आला होता. सामान्य इंग्रज माणूस बोलताना सहसा ‘देन आय’ म्हणतो. ‘आय देन’ ही पोलिसी अहवालाची धाटणी. म्हणजे त्या निवेदनातली भाषा निखळ बेंटलीची नव्हती. त्यात लेखणी धरणाऱ्याची भाषा मिसळली होती.

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यातला जबाब ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे तत्काळ पटेल. आपण म्हणतो, ‘मग मी तिथे गेलो.’ कागदावर उमटते, ‘त्यानंतर मी सदर ठिकाणी गेलो असता.’ ‘सदर’ आणि ‘असता’ हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडचे नाहीत, हे ओळखायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. मराठी यावी लागते.

३० जुलै १९९८ रोजी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बेंटलीची दोषसिद्धी रद्द केली. त्याचे मुख्य कारण, मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन न्याय्य नव्हते, हे होते. फाशीला तोवर पंचेचाळीस वर्षे लोटली होती.

एवढे ऐकल्यावर, स्लँग ही वाईट गोष्ट आहे, मुलांना तिच्यापासून दूर ठेवावे, असे कोणाच्या मनात येईल. तो निष्कर्ष बरोबर होणार नाही. आजचे प्रतिष्ठित शब्द कालच्या नाक्यावरचे असतात. ‘मॉब’ हा शब्द लॅटिनमधील ‘मोबिले व्हल्गुस’, म्हणजे चंचल जमाव, याची टवाळखोरांनी केलेली काटछाट. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये अशा तोडलेल्या शब्दांवर जाहीर टीका केली होती. आज तो शब्द न्यायालयांच्या निकालपत्रांतही येतो.

काही शब्द तर आपल्याच अंगणातून गेलेले आहेत. इंग्रजीत वेडसर माणसाला बोलभाषेत ‘डूलॅली’ म्हणतात. हे दुसरेतिसरे काही नसून आपल्या नाशिकजवळची देवळाली होय. तेथे ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सैनिक तेथे महिनोन्महिने रिकामे बसत आणि त्यांचे डोके फिरे. त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. यातला ‘टॅप’ नळ नव्हे; तो आपला ‘ताप’. लंडनमधला इंग्रज आज हा शब्द हसत वापरतो, तेव्हा तो नकळत मराठी मुलखातले एक गाव आणि आपल्या घरातले एक दुखणे उच्चारत असतो.

तेव्हा प्रश्न शब्द उच्च की हीन, हा नाही. कोण बोलतो, कोणाशी, कोठे आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. शब्दाचा अर्थ या चार गोष्टींनी पुरा होतो. आणि येथेच मी पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

हे चार प्रश्न विचारण्याची सवय मूल प्रथम स्वतःच्या भाषेत लावून घेते. मराठीत माणूस मेला हे सांगण्याचे किती प्रकार आहेत, पाहा. शेजारचे आजोबा ‘वारले’. थोर नेत्याचे ‘निधन झाले’. आजी ‘देवाघरी गेली’. कुंडीतले झाड ‘मेले’. नाटकातला खलनायक ‘खपला’. आजोबा खपले, असे आठ वर्षांचे मूल म्हणत नाही. आणि चुकून म्हणालेच, तर आई डोळे वटारते. तेथेच त्याचा धडा पुरा होतो. अशा मुलाला पुढे सांगता येते, की इंग्रजीतही ‘डाइड’ कोठेही चालते, ‘पास्ड अवे’ सांत्वनाच्या पत्रात शोभते आणि ‘किक्ड द बकेट’ हे तेथे लिहिले तर संबंध कायमचे तुटतात. ‘भारी’ ओझे आणि ‘भारी’ सिनेमा यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘सिक’, म्हणजे आजारी, हाच शब्द अमेरिकन मुलांच्या तोंडी उत्तम या अर्थाने का येतो, हे एका वाक्यात उमगते.

आपल्या शाळेच्या मुलांजवळ तर आणखी एक भांडवल आहे. घरात ‘शिक्षा’ म्हणजे दंड. शाळेबाहेरच्या फलकावर ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. घरात ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा. हिंदीच्या तासाला ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. घरात ‘संसार’ चार भिंतींत मावतो. रस्त्यावर तो सारे जग व्यापतो. ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नये, हे माळव्यातले मराठी मूल बालवाडीपासून शिकत असते. करारनाम्यातल्या ‘सेव्हरल’पाशी थबकण्यासाठी लागणारी सावधगिरी ती हीच.

म्हणून माझे उत्तर असे : मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इंग्रजी येईल; मात्र आपोआप येणार नाही. भाषेचे थर ओळखण्याची दृष्टी त्याला मातृभाषा देते. इंग्रजीतले थर कोणते, हे मात्र इंग्रजीच्या शिक्षकालाच दाखवावे लागते, आणि तेथे आपण कमी पडतो हे मान्य केले पाहिजे. आपण मुलांना एकच थर शिकवितो, पाठ्यपुस्तकातला. ते मित्राशीही अर्जाच्या भाषेत बोलतात. आणि चित्रपटांतून दुसरा थर कानी पडला, की मुलाखतीच्या अर्जात ‘वॉना’ आणि ‘गॉना’ लिहितात.

यावर उपाय खर्चिक नाहीत. हॉर्नबी यांच्या परंपरेतले, विद्यार्थ्यांसाठी रचलेले ऑक्सफर्डचे शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयात असतातच. त्यांत शब्दापुढे फॉर्मल, इन्फॉर्मल, स्लँग अशा खुणा छापलेल्या असतात. अर्थ पाहण्याआधी खूण पाहायला मुलांना शिकवावे. प्रत्येक वर्गात एक शब्दांची वही ठेवावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : घरात, कचेरीत, मित्रांत. नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून दोन-चार वेळा बँकेचा अर्ज, भाडेकरार, विम्याची अटीपत्रिका वाचावयास द्यावी. आणि येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : आपल्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी न्यायालयात, कोणी रुग्णालयात, कोणी परदेशात. आपल्या व्यवसायात नेहमीच्या शब्दांना जे निराळे अर्थ येतात, असे वीस शब्द प्रत्येकाने लिहून शाळेला द्यावेत. हीरक महोत्सवानिमित्त शाळेला भेटवस्तू देण्याचे आपण ठरविले आहेच. ही भेट तिच्यात सामील करावी. असा कोश बाजारात विकत मिळणार नाही.

पालकांना एवढेच सांगेन, की घरातले मराठी कमी करून इंग्रजी वाढत नाही. आजीची मराठी, वर्तमानपत्राची मराठी, नाटकातली मराठी आणि मुलांची आपसातली मराठी, हे सारे थर घरात नांदू द्या. ‘दे त्याला’ या दोन शब्दांत दोन अर्थ दडले आहेत, हे ज्याच्या कानाला कळते, तो कोणत्याही भाषेतल्या कोऱ्या कागदावर घाईने सही करणार नाही.